गुलाबी बोंडअळीचा पतंग (पेक्टिनोफोरा) कसा ओळखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाशीवाल्या घरात वाढलो, त्यात किड्यांचं वेड, त्यामुळे दर हंगामात गावातून आणि आजूबाजूच्या गावांतून हेच हेच प्रश्न येतात, सापळ्यातल्या पाखरांचे फोटो येतात, कुणी कुणी तर पुडीत बांधून पाखरं घरी आणून देतं. सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून लिहितोय. अळी सगळे ओळखतात हो, पतंग कुणी ओळखत नाही, आणि खरं काम पतंग ओळखण्यातच आहे, कारण अळी डोळ्याला दिसते तोवर ती बोंडाच्या आत बसून सरकी खात असते आणि तिथपर्यंत कुठलंच औषध धड पोचत नाही.

पेक्टिनोफोरा म्हणजे नेमकं काय?

ही बारीक पतंगांची एक प्रजाती, म्हणजे जीनस. गेलेचिडी नावाच्या मोठ्या कुटुंबातली. आपल्याला छळणारी गुलाबी बोंडअळी म्हणजे याच प्रजातीतली एक जात, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. गावात आपण पतंगाला पाखरू म्हणतो, तर पुढे कुठे पतंग कुठे पाखरू असं लिहिलंय, दोन्ही एकच.

नाव इतकं अवघड का?

फोड केली की सोपं आहे. पेक्टेन म्हणजे कंगवा, फोरा म्हणजे बाळगणारी, थोडक्यात कंगवा बाळगणारी. या पतंगाच्या मिशीच्या अगदी बुडाशी ताठ केसांचा एक छोटासा कंगवा असतो, त्यावरून हे नाव. आणि गॉसिपिएला आलं गॉसिपियमवरून, म्हणजे कपाशीच्या शास्त्रीय नावावरून. नावातच ओळखीची खूण पण आहे आणि खाणंपण आहे, मला तरी हे नाव फार आवडतं.

हा किडा बाहेरून आला का?

लोक बऱ्याचदा विचारतात की हा बीटी बियाण्याबरोबर, म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होतं त्या बियाण्याबरोबर, आला का. नाही. शास्त्रात याची पहिली नोंदच भारतातली आहे. गुजरातमधल्या भडोचला सरकारी कपाशीत १८४२ च्या सुमाराला नुकसान दिसलं, तिथले नमुने इंग्लंडला गेले आणि सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये त्याचं वर्णन छापलं. तेव्हा त्याला डिप्रेसारिया या दुसऱ्याच प्रजातीत टाकलं होतं. पुढे ऑगस्ट बस्क या अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने हवाई बेटांवर जाऊन या किड्याचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये त्याच्यासाठी पेक्टिनोफोरा ही वेगळी प्रजाती केली. त्याच वर्षी हा किडा अमेरिकेच्या टेक्सासमध्ये पहिल्यांदा सापडला. बियाण्याच्या सरकीत लपून हा जगभर फिरलाय.

या प्रजातीत जाती किती? आपल्याकडे कुठली?

तीन. गॉसिपिएला जगभर, जिथे जिथे कपाशी आहे तिथे बहुतेक. स्क्युटिजेरा ही ऑस्ट्रेलियाकडची, तिच्या अळीवर गुलाबी पट्ट्यांऐवजी गुलाबी ठिपके असतात. तिसरी एन्डेमा, तीपण ऑस्ट्रेलियातलीच, तिथल्या रानटी जास्वंदीच्या कुळातल्या झाडांवर राहते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तुम्हाला जी दिसते ती गॉसिपिएला. म्हणजे आपल्यासाठी प्रजाती ओळखली की जात ओळखली, एवढी एक सोय आहे.

पतंग दिसतो कसा? साध्या डोळ्याने ओळखू येतो का?

साध्या डोळ्याने अंदाज येतो, खात्री भिंगानेच. लांबी साधारण ८ ते १० मिलिमीटर, मोठ्या तांदळाच्या दाण्याएवढा म्हणा. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत १५ ते २० मिलिमीटर भरतात. रंग मातकट राखाडी-तपकिरी, त्यावर काळपट अस्पष्ट डाग आणि आडवे पट्टे, पंखाच्या टोकाकडे जरा जास्त गडद. बसला की पंख अंगाला चिकटवून अरुंद होऊन बसतो आणि वाळक्या पानाचा तुकडा पडलाय असं वाटतं. मागचे पंख बसलेल्या पतंगात झाकलेले असतात, सुईने अलगद बाजूला केले तर फिकट, चंदेरी राखाडी दिसतात आणि त्यांना मागच्या कडेला लांब केसांची झालर असते.

रंगावर फार विसंबू नका बरं. सापळ्यात दोन दिवस फडफडलेल्या पाखराचे खवले झडून जातात, मग ते नुसतं भुरकं दिसतं, डाग-पट्टे काही शिल्लक राहात नाहीत.

मग पक्की खूण कुठली? तो कंगवा खरंच दिसतो का?

दिसतो, पण घाई केली तर नाही. मी करतो ते सांगतो. सकाळी सापळ्यातली पाखरं कागदाच्या पुडीत घेऊन यायची, तासभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची म्हणजे जिवंत असेल तर हालचाल थांबते. मग पांढऱ्या कागदावर ओसरीत उजेडाला बसायचं, कडक उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. दहापट भिंग असेल तर कंगवा जेमतेम दिसतो, वीसपट असेल तर छान दिसतो. मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स मिळते, ती पण चालते.

आता पाखरू आडवं करा, डोकं तुमच्याकडे. डोळा सापडला? डोळ्याच्या लगेच वर जिथून मिशी सुरू होते, तिथला पहिला पेर बाकीच्या पेरांपेक्षा जाड आणि लांब असतो. त्या पहिल्या पेरावर पाच-सहा ताठ, लांब केस एका ओळीत उभे दिसतील, हुबेहूब फणीचे दात. तोच कंगवा. पहिल्यांदा मला तो दिसला तेव्हा मी चार पाखरं पालथी घातली होती, कारण मिशी मागे वळून पंखाखाली दबलेली होती, ओल्या बारीक ब्रशने मिशी पुढे ओढली तेव्हा कुठे दिसला. आणि एक, सापळ्यात पाखराचे केस तुटतात, त्यामुळे एकात दोनच केस दिसले म्हणून लगेच हा नाही असं ठरवू नका, आणखी दोन-तीन पाखरं बघा, दोन्ही मिशा बघा.

एक सावधगिरीची गोष्ट, असा कंगवा इतर काही बारीक पतंगांतही असतो. म्हणजे एकटा कंगवा पुरत नाही, कंगवा अधिक पुढच्या दोन खुणा, असं तिन्ही जुळलं पाहिजे.

त्या दोन खुणा कुठल्या?

एक तोंडापुढची. दोन बारीक अवयव विळ्यासारखे वर वळून डोक्याच्या पुढून वर गेलेले दिसतात, त्यांना पाल्प म्हणतात. मधला भाग खालच्या बाजूने खवल्यांनी भरदार असतो आणि शेवटचं टोक निमुळतं, त्या टोकावर दोन काळी वळी, जणू काळ्या दोऱ्याचे दोन फेरे दिलेत. ताज्या पाखरात हे एकदम स्पष्ट दिसतं.

दुसरी मागच्या पंखाची. याचा आकार पानासारखा गोल नसतो. टोक एका बोटासारखं पुढे आलेलं आणि त्याच्या खाली कड आत दबलेली. ही सगळ्या गेलेचिडी कुटुंबाची ठेवण आहे, त्यामुळे इथे निदान कुटुंब तरी पक्कं होतं.

सापळ्यात पडलेलं प्रत्येक पाखरू गुलाबीचंच समजायचं का?

अजिबात नाही, आणि इथेच जास्त गोंधळ होतो. गुलाबीच्या ल्युअरमध्ये, म्हणजे सापळ्यात लावायच्या वासाच्या आमिषात, गॉसिप्ल्युअर असतं, म्हणजे मादीच्या वासाची नक्कल, दोन जवळजवळ सारख्या रसायनांचं निम्मं-निम्मं मिश्रण, ते १९७३ मध्ये शोधलं गेलं. त्या वासाला गुलाबीचे नर येतात. पण सापळा उजेडात, वाऱ्यात, झाडात उभा असतो, त्यात इतर बारीक पाखरंही अशीच येऊन पडतात, माश्या पडतात, मुंग्या येऊन पाखरं कुरतडून टाकतात. म्हणून मोजायच्या आधी कागदावर ओतून वेगळी करायची.

आणि ल्युअर बघून घ्या हो. एका वर्षी तालुक्याच्या एका दुकानातून आम्हाला गुलाबीचं म्हणून जे ल्युअर दिलं ते निघालं हिरव्या बोंडअळीचं. तीन आठवडे सापळा जवळजवळ रिकामा, आम्ही खुशीत की यंदा गुलाबी नाही, आणि बोंडं फोडली तर आत अळ्या. पाकीट फेकून दिलेलं नव्हतं म्हणून तरी कळलं. तेव्हापासून पाकिटावर पेक्टिनो किंवा पिंक बोलवर्म लिहिलंय का ते वाचल्याशिवाय मी ल्युअर लावत नाही आणि पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो.

हिरव्या आणि ठिपक्याच्या बोंडअळीचे पतंग वेगळे कसे करायचे?

हे सोपं आहे. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी, तिचं पाखरू गुलाबीच्या दुप्पट, पंख पसरून ३० ते ४० मिलिमीटर, जाडजूड अंगाचं, मागच्या फिक्या पंखाला काळपट रुंद कड. ठिपक्याच्या बोंडअळीच्या दोन जाती, एकीचे पुढचे पंख फिकट आणि मधोमध हिरवा पट्टा, दुसरीचे पूर्ण हिरवे. गुलाबीच्या पतंगावर हिरवा रंग कधीच नसतो. हिरवं काही दिसलं की विषय संपला.

घरात धान्यातून उडणारं बारीक पाखरू पण असंच दिसतं, ते कपाशीतून आलं का?

नाही. धान्यातला तो पतंग सिटोट्रोगा, तो याच गेलेचिडी कुटुंबातला आहे म्हणून मागच्या पंखाचं टोक तसंच बोटासारखं, पण रंग गव्हाळ पिवळसर, डाग जवळजवळ नाहीत. टोमॅटोवरची टुटापण याच कुटुंबातली, ती भारतात २०१४ ला पुण्याकडे पहिल्यांदा सापडली, ती गुलाबीपेक्षा लहान असते आणि तिचं ल्युअर वेगळं असतं. कपाशीच्या शेजारी टोमॅटो असेल तर दोन्ही पाखरं भिंगाखाली शेजारी ठेवून बघा, फरक एकदा डोळ्यात बसला की बसला.

नर-मादी कसे ओळखायचे?

ल्युअरच्या सापळ्यात पडलेला गुलाबीचा पतंग नरच धरा. प्रकाश सापळ्यात दोन्ही येतात. खात्री करायची तर मागच्या पंखाच्या बुडाशी पुढच्या पंखाला अडकवायचा काटा असतो, नरात तो एकच जाड, मादीत एकाहून जास्त बारीक. शेतकऱ्याला याची गरज नाही, पण कॉलेजची मुलं विचारतात म्हणून लिहिलं.

अळी पांढरी आहे, मग ती गुलाबी बोंडअळी नाही ना?

असू शकते! लहान अळी पांढरट आणि डोकं काळपट-तपकिरी असतं, गुलाबी रंग तिसऱ्या अवस्थेपासून चढतो. पूर्ण वाढलेली साधारण १० ते १२ मिलिमीटर. आणि गुलाबी म्हणजे रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी नाही, पाठीवर प्रत्येक वळ्याला आडवे गुलाबी पट्टे असतात. भिंग असेल तर पोटाखालचे मऊ पाय बघा, त्यांच्या तळव्यावरचे बारीक आकडे पूर्ण गोलात नसतात, घोड्याच्या नालेसारखे एका बाजूने उघडे असतात.

कुजलेल्या बोंडात गुलाबी अळी सापडली, तीपण हीच का?

थांबा, इथे फसतात लोक. सडलेल्या, जुन्या, काळ्या पडलेल्या बोंडात गुलाबीसर रंगाची एक दुसरीच अळी राहते, अ‍ॅनाट्रॅकिन्टिस प्रजातीची, तिला खोटी गुलाबी बोंडअळी म्हणतात. ती आधीच खराब झालेल्या बोंडातला कचरा खाते, चांगलं बोंड पोखरत नाही. तिचा पतंग आणखी अरुंद पंखांचा, झालर फार लांब, अंगावर फिकट तिरपे पट्टे. म्हणून माझं सांगणं आहे की नुकसान मोजताना हिरवी, ताजी बोंडंच फोडा, सडकी मोजू नका. आणि शंका असेल तर अळी बोंडासकट जाळी लावलेल्या बरणीत ठेवा, साधारण दोन आठवड्यांत पतंग बाहेर येतो, तोच तुम्हाला उत्तर देतो.

डोमकळी म्हणजे काय आणि तिचा पतंगाशी काय संबंध?

फूल उमलायच्या ऐवजी पाकळ्या आतून जाळ्याने शिवल्यासारख्या गुंडाळून राहतात, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, ती डोमकळी. आत अळी असते. पाखरू तुमच्या नजरेला कधीच पडलं नसेल तरी शेतात डोमकळ्या दिसायला लागल्या म्हणजे पतंग आधीच येऊन अंडी घालून गेलाय. अंडं अर्धा मिलिमीटर लांब, ते शोधायच्या नादी लागू नका. डोमकळ्या मात्र दिसेल तेव्हा तोडा, अळीसकट नष्ट करा, धुऱ्यावर फेकून देऊ नका कारण अळी त्यातून बाहेर पडून मातीत कोष करते.

दिवसा शेतात एकही पाखरू दिसत नाही, म्हणजे नाहीच का?

दिवसा दिसणारच नाही. दिवसभर तो पालापाचोळ्यात, जमिनीच्या भेगांत दडून बसतो, रात्री बाहेर पडतो, आणि नर-मादीचा मेळ बऱ्यापैकी उशिरा, मध्यरात्रीनंतर होतो. म्हणून संध्याकाळी बॅटरी घेऊन चक्कर मारून आलो, काही नाही, असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. सापळाच लागतो.

सापळे किती, कुठे, आणि किती पाखरं म्हणजे धोका?

लक्ष ठेवण्यासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे ते ल्युअरवालेच, पेरणीनंतर दीड महिन्याच्या सुमाराला, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर, आणि पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायचा, हे फार जण विसरतात आणि ऑगस्टमध्ये सापळा पानांत बुडून जातो. एका सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग असे सलग तीन दिवस आले की पातळी ओलांडली. त्याच्या जोडीला एकरात फिरून २० हिरवी बोंडं तोडून फोडायची, दोनात अळी निघाली म्हणजे दहा टक्के झालं, आता उपाय करायची वेळ. तोपर्यंत फवारू नका. शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून आपण उचलायचा, असं होतं आणि पैसा, आरोग्य दोन्ही जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ती माणसं आपली होती. पाखरू ओळखता आलं, मोजता आलं, तर एकदोन फवारण्या तरी वाचतात, मी हे सगळं शिकवत फिरतो ते त्यासाठीच.

बीटी कपाशीत ही अळी मरायला पाहिजे ना?

आधी मरत होती. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जीन असलेलं बोलगार्ड-२ आलं २००६ मध्ये. गुलाबीने दोन्हीची सवय करून घेतली, आधी गुजरातेत पहिल्या जीनविरुद्ध, मग दुसऱ्यासुद्धा, आणि २०१७ ला महाराष्ट्रात गुलाबीने कपाशीचं काय नुकसान केलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. हिरवी बोंडअळी हरभरा, तूर, टोमॅटो कशावरही जगते, गुलाबी जवळजवळ पूर्ण कपाशीवरच, त्यामुळे पिढ्यानपिढ्या तेच विष खाऊन त्यातून वाचलेल्यांचीच पिलावळ वाढली. त्यात आपण फरदड घेतो, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी न उपटता पाणी देऊन आणखी वेचणी घेतो, आणि तिला खायला बाराही महिने ठेवतो. फरदडीतून दोन क्विंटल जास्त निघतात हे मला मान्य आहे, आमच्याकडेही घेत होते, पण त्या कापसाची कवडी होते आणि पुढच्या हंगामाचं बियाणं आपणच त्या अळीला देऊन ठेवतो.

अमेरिकेतून ही अळी संपली म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कृषी खात्याने तसं जाहीर केलं. बीटी होतंच, सोबत वासाने नर-मादीची गाठ चुकवणं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, वेळेत नष्ट करणं, आणि प्रयोगशाळेत वाढवलेले नापीक पतंग विमानाने सोडणं, हे सगळं सगळ्या शेतांत एकत्र केलं. त्यातली ओळखीची एक गंमत सांगतो, त्या नापीक पतंगांना अळी असतानाच लाल रंग घातलेलं खाणं देत, म्हणजे सापळ्यातलं पाखरू चिरडलं की आतून लाल निघालं तर ते सोडलेलं, नाही निघालं तर रानातलं. हजारो पाखरांत एक रानटी शोधायचा हा किती साधा उपाय.

फोटो पाठवला तर ओळखून मिळेल का?

वरून काढलेल्या एका फोटोवरून नाही. तीन फोटो लागतात, एक पूर्ण पाखराचा पट्टीशेजारी ठेवून, म्हणजे माप कळतं, एक डोक्याचा बाजूने ज्यात पाल्प आणि मिशीचं बूड येईल, आणि एक मागचा पंख उघडून. चिकट सापळ्यातल्या गोंदासकट फोटो काढला तर खवलेच दिसत नाहीत. तरीही शंका राहिली तर पतंगाच्या पोटाच्या टोकातले जननेंद्रियाचे भाग वेगळे करून बघावे लागतात, ते प्रयोगशाळेचं काम, कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात नमुना नेऊन द्या. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहेच.

नमुना न्यायचा कसा?

प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून पाखरू कुजतं. कागदाची त्रिकोणी पुडी करा, एका पुडीत एकच, वर गाव, तारीख, कशाच्या सापळ्यात सापडलं ते पेन्सिलीने लिहा, पुड्या काडेपेटीत ठेवा. अळी असेल तर ती आधी गरम पाण्यात टाकून मग दारूच्या स्पिरिटमध्ये बाटलीत ठेवा, नुसती ठेवली तर काळी पडते आणि गुलाबी पट्टे जातात. पट्ट्यांचा फोटो जिवंत असतानाच काढून ठेवलेला बरा, स्पिरिटमध्ये रंग उतरतोच.

कापूस वेचून झाला, आता सापळा काढून ठेवू का?

शेतातला काढा, पण एक सापळा घराजवळ जिथे पऱ्हाटीचा ढीग रचलाय तिथे लावून ठेवा. शेवटच्या पिढीच्या अळ्या दोन सरक्या जाळ्याने जोडून त्यात झोपून राहतात, महिनोन्‌महिने. त्या वाळलेल्या बोंडांतून, साठवलेल्या कापसातून, जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या, आवारातून पतंग निघत राहतात, म्हणून जिनिंगमध्येही सापळे लावायला सांगतात. आमच्या ढिगाजवळच्या सापळ्यात मार्च-एप्रिलमध्ये पाखरं पडलेली मी स्वतः मोजली आहेत, शेतात तेव्हा कपाशीचं एक पान नव्हतं. त्यानंतर आम्ही पऱ्हाटी जळणासाठी रचून ठेवणं बंद केलं, फेब्रुवारीतच कुट्टी करून खतात घालतो.